रिकामी असताना जास्त हलते: एका जुन्या पिकअपच्या स्टेअरिंगचं प्रकरण

गाडी आणि गाडीवाले

बेळगावच्या आसपासच्या गावांतली भाजी रात्री गोव्याला निघते. जांबोटी, कणकुंबी, मग चोर्ला घाट उतरून साखळी आणि पुढं म्हापसा. शंभर-सव्वाशे किलोमीटरची वाट. पहाटे माल उतरवायचा आणि दुपारच्या आत रिकामे क्रेट घेऊन परत यायचं. या प्रकरणातली गाडी हाच धंदा करणारी, २००९ सालची, के.ए. २२ पासिंगची पिकअप. मालक दोघं भाऊ. थोरले माझ्याच वयाचे, त्यांना मी अण्णा म्हणतो. गाडी चालवतो त्यांचा पुतण्या.

नावं आणि गाव गाळलं आहे, गाडीची कंपनीही. पुढं-मागं पाटे (भार पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या), पुढं अखंड एक्सल आणि त्याला किंगपिन (ज्या उभ्या पिनेवर चाक डावी-उजवीकडं वळतं ती) असलेल्या कुठल्याही जुन्या पिकअपला इथला हिशेब लागू पडतो.

गाडी माझ्या गॅरेजात आली १२ सप्टेंबर २०२३ ला संध्याकाळी. १९ तारखेला चतुर्थी. गोव्यात चतुर्थीच्या आधीच्या चार दिवसांत भाजीला जो उठाव असतो तो एरवी महिन्याभरात नसतो. त्यामुळं गाडी दारात लावतानाच अण्णांचं पहिलं वाक्य होतं, "मिस्त्री, आज रात्री निघायचं हाय. काय ते आत्ताच बघा."

तक्रार

पुतण्यानं सांगितलेलं मी गाडीच्या कामाच्या कार्डावर जसंच्या तसं लिहून घेतलं होतं, म्हणून आजही नेमकं सांगता येतं.

"काका, साठला गेलं की स्टेअरिंग थरथराय लागतंय. सत्तरला हातात धरवत न्हाई. आणि परवा कणकुंबीच्या अलीकडं खड्ड्यात चाक गेलं, तवा तर अख्खं तोंड नाचाय लागलं. दोन्ही चाकं डावी-उजवी, डावी-उजवी. गाडी उभीच केली तेव्हा थांबलं."

मग अण्णा जाता जाता म्हणाले, "भरलेली असली की तेवढं न्हाई हां. रिकामी आली की जास्त."

हे वाक्यही कार्डावर आहे. लिहिलं, आणि सोडून दिलं. भरलेली गाडी हळू चालवत असतील, म्हणून कमी जाणवत असेल, असं मनाशीच ठरवून मोकळा झालो. या प्रकरणात माझे दोन दिवस वाया गेले ते इथं.

माझ्याआधी झालेली कामं

दोन महिन्यांत चाकांचं बॅलन्सिंग दोनदा झालं होतं. एकदा अलाइनमेंट, आणि पुढचे दोन्ही शॉकॲब्सॉर्बर नवे. पैसे गेले, थरथर राहिली. दुसऱ्या बॅलन्सिंगच्या वेळी पुतण्या मशीनजवळच उभा होता. तिथल्या पोरानं स्क्रीन दाखवून सांगितलं, "झीरो बंदैती री." झिरो आला होता, खोटं काही नव्हतं. पण पुढच्या डाव्या डिस्कच्या आतल्या कडेला शिशाच्या वजनांची लांबलचक रांग लागलेली मी पाहिली. मोजली तर ११० ग्रॅम. एका चाकाला एवढं वजन लागायला लागलं की त्या टायरला आधी प्रश्न विचारायचा, वजन नंतर लावायचं. बॅलन्सिंग मशीन चाकाचं वजन सगळीकडं सारखं आहे का एवढंच सांगतं. चाक गोल आहे की नाही हे ते साधं मशीन सांगत नाही. तो प्रश्नच त्याला कुणी विचारलेला नसतो.

अलाइनमेंटचंही तसंच. जिथं केली तिथं फक्त टो लावला होता, म्हणजे दोन्ही चाकांची तोंडं समोर नीट आहेत का ते बघितलं. या वर्गाच्या गाड्यांना बहुतेक ठिकाणी तेवढंच करतात.

पहिला दिवस: घाईतली चूक

त्या संध्याकाळी माझ्याकडं तीन गाड्या होत्या आणि समोर अण्णा घड्याळ बघत उभे. मी स्टेअरिंग हलवून पाहिलं. चाकं हलायच्या आधी स्टेअरिंग चांगलं तीन बोटं फिरत होतं. खेळ आहे हे उघड दिसत होतं. खेळ कुठं आहे हे शोधायला गाडी खाली-वर करावी लागली असती. मी सोपा रस्ता धरला. स्टेअरिंगचं फिरणं चाकांकडं पोचवणारा दात्यांचा डबा म्हणजे स्टेअरिंग बॉक्स. त्याच्या डोक्यावर जो ॲडजस्टिंगचा स्क्रू असतो, त्याचा लॉकनट सैल केला, स्क्रू अर्धा फेरा आवळला आणि नट परत मारला. खेळ तीन बोटांवरून एका बोटावर आला. दारातून रस्त्यापर्यंत चालवून बघितली, हाताला घट्ट लागली. गाडी सोडली.

१३ तारखेला दुपारी दोघं परत आले. थरथर तशीच होती. वर पुतण्याचं नवीन म्हणणं: "घाटात वळण घेतलं की स्टेअरिंग आपलं आपण परत येईना. हातानं ओढून आणाय लागतंय."

चोर्ल्यासारख्या घाटात स्टेअरिंग परत न येणं ही थरथरीपेक्षा मोठी गोष्ट आहे, आणि ती मी केलेली होती. बॉक्सचा स्क्रू जास्त आवळला की आतले दात मधोमध चिकटून बसतात. सरळ धरलेलं स्टेअरिंग तिथं अडतं, वळवलेलं सोडलं तर मधे येताना अडतं. मूळ खेळ बॉक्समध्ये नव्हताच, मी तो झाकला होता. पहिल्यांदा स्क्रू अर्धा फेरा मागं घेतला आणि अण्णांना तोंडावर सांगितलं की काल चूक माझी झाली, आज रात्रीची फेरी दुसऱ्या गाडीनं करा. ते काही बोलले नाहीत. फोन काढून भावकीतल्या कुणाला तरी गाडीसाठी विचारायला लागले. भाड्याचे पैसे मी नंतर बिलातून वजा केले.

रस्त्यावर

या गाडीच्या मीटरची केबल कधीची तुटलेली. म्हणजे पुतण्याचा 'साठ' आणि 'सत्तर' हा अंदाज होता. मी फोनवर वेग दाखवणारं ॲप लावलं, तो डॅशबोर्डवर चिकटवला आणि बेळगावजवळच्या काकतीच्या पुढं महामार्गावर गाडी नेली. हे काम शहरातल्या रस्त्यावर होत नाही. एक सरळ, सपाट, मोकळा तुकडा लागतो.

खरा आकडा निघाला तो असा: ६२ ला हात थरथरायला सुरुवात, ७० च्या सुमाराला सगळ्यात जास्त, ८० च्या पुढं किंचित कमी. आणि दुसरी एक गोष्ट, जी तक्रारीत नव्हती. ७५ च्या वर पायाखाली आणि सीटच्या बुडाशी बारीक गुणगुण. हाताला लागणारी थरथर वेगळी, ही वेगळी.

इथं थोडं गणित उपयोगी पडतं. या गाडीच्या टायरचा व्यास साधारण ७० सेंटिमीटर, म्हणजे एका फेऱ्यात चाक २.२ मीटर जातं. ७० किलोमीटरच्या वेगाला सेकंदाला १९ मीटरच्या वर अंतर जातं. म्हणजे चाकाचे सेकंदाला जेमतेम ९ फेरे. चाकात दोष असेल तर हाताला सेकंदाला नऊ धक्के बसतात. हे धक्के वेगवेगळे कळतात, स्टेअरिंग हललेलं डोळ्याला दिसतं. इंजिनाची ताकद मागच्या चाकांकडं नेणारा लांब दांडा, म्हणजे प्रोपेलर शाफ्ट, मात्र चाकापेक्षा साधारण चौपट वेगानं फिरतो, म्हणजे त्याच वेगाला सेकंदाला ३५ च्या आसपास. त्यातून शाफ्टच्या सांध्यातल्या क्रॉसचा कोन बिघडला असेल तर एका फेऱ्यात दोन धक्के. एवढे जलद धक्के हाताला वेगळे कळत नाहीत, गुणगुण म्हणून अंगात शिरतात. तेव्हा हाताला जे दिसतं ते पुढच्या चाकाकडं बोट दाखवतं, आणि बुडाला जे गुणगुणतं ते शाफ्टकडं.

७५ ला गिअर न्यूट्रल केला. दोन्ही तसंच. इंजिन आणि क्लच संशयातून सुटले. ॲक्सिलरेटर दाबला की गुणगुण वाढायची, सोडला की उतरायची. शाफ्टवरचा संशय आणखी वाढला. मी पुतण्याला विचारलं, "ही गुणगुण कधीपासून हाय?"

"ती व्हय? ती दोन वर्सं हाय की."

दोन वर्षांपूर्वी काय झालं होतं, हा पुढचा प्रश्न तिथंच, काकतीच्या कडेला गाडी थांबवून विचारायला हवा होता. मी विचारला नाही. डोक्यात थरथर होती, चतुर्थी होती, आणि गुणगुण कुणाची तक्रार नव्हती.

जॅकवर

गॅरेजात आल्यावर पुढचा डावा भाग जॅकवर घेतला, खाली घोडी, म्हणजे लोखंडी टेकू, लावली. टायरच्या माथ्यासमोर एक स्क्रू ड्रायव्हर घोडीला टेकवून धरला, टोक टायरपासून केसभर अंतरावर, आणि चाक हातानं सावकाश फिरवलं. अर्ध्या फेऱ्यात टोक आणि टायर यांच्यात फट वाढत गेली. मग टायर पुढं आला आणि टोकाला घासून गेला. फरक मोजणारं डायल गेज लावलं तर ४ मिलिमीटर. आम्ही दीडपर्यंत चालवून घेतो. त्या जागी हात फिरवल्यावर रबराखाली एक मऊ उंचवटा लागला. आतले थर सुटलेले होते. बाजूला फुगा असता तर कुणालाही दिसला असता. हा माथ्यावर होता, म्हणून नक्षीत लपला. टायरवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे २३१५, म्हणजे २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यातला. आठ वर्षांचा टायर, आणि अण्णांनी तो जुन्यात घेतलेला.

खात्रीसाठी ते चाक मागं टाकलं, मागचं पुढं आणलं आणि परत काकती. स्टेअरिंग बरंच शांत झालं, आणि आता सीट हलायला लागली. दोष कुठं आहे हे कळायला यापेक्षा स्वस्त चाचणी मला माहीत नाही. एक जॅक आणि अर्धा तास.

पण टायरच्या दोषानं खड्ड्यातला नाच उलगडत नव्हता. तो अचानक सुरू होत होता आणि गाडी थांबेपर्यंत थांबत नव्हता.

पुढचं चाक वर-खाली, म्हणजे बारा आणि सहावर धरून हलवलं. खेळ होता. इथं एक साधी युक्ती आहे: दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगायचं आणि परत हलवायचं. खेळ गेला तर तो व्हील बेअरिंगचा, राहिला तर किंगपिनचा. गॅरेजातल्या पोरानं ब्रेक दाबला. खेळ थोडा कमी झाला, गेला नाही. दोन्ही होतं, पण मुख्य किंगपिन. मग गाडी खाली उतरवली, इंजिन चालू ठेवून पोराला स्टेअरिंग थोडं थोडं डावी-उजवीकडं हलवायला लावलं आणि मी खाली झोपून प्रत्येक जोडावर बोटं ठेवली. दोन्ही चाकं जोडणाऱ्या दांड्याचं टोक म्हणजे टाय रॉड एंड. डाव्यात टक्, टक्. उजवा बरा. बॉक्सपासून चाकाकडं येणारा दांडा, म्हणजे ड्रॅग लिंक, तीही बरी.

किंगपिनला चार ग्रीस निपल असतात, दोन वर, दोन खाली. तीन निपलांतून ग्रीस गेलं. डाव्या खालच्या निपलवर गन लावली तर ग्रीस बाजूनं परत यायला लागलं. निपल काढलं. त्याच्या भोकात माती दगडासारखी बसलेली. घरातल्या शिवणकामाच्या सुईनं उकरलं तेव्हा लालसर चूर निघाला. तो गंज. किती वर्षं तिथल्या बुशीपर्यंत, म्हणजे पीन जिच्यात फिरते त्या नळीपर्यंत, ग्रीसचा थेंब पोचला नव्हता देव जाणे. ग्रीस मारणारा दर वेळी चारी निपलांवर गन लावत असणार. बाहेर आलेलं ग्रीस बघून, भरलं, असं समजून पुढं जात असणार. मीही एखादवेळी तेच केलं असतं.

पर्याय

१३ तारखेच्या रात्री हिशेब मांडला. अण्णा, पुतण्या आणि मी, गॅरेजच्या पायरीवर चहा घेऊन.

पहिला पर्याय अण्णांचाच होता: एक टायर बदला, बाकी चतुर्थीनंतर. दुपारपर्यंत गाडी सुटली असती आणि थरथर बऱ्यापैकी गेली असती. तोच त्याचा धोका होता. थरथर गेली की पोरगं सत्तरनं चालवणार, आणि किंगपिनचा नाच पहिल्या मोठ्या खड्ड्याची वाट बघत बसलेला. आधी निदान थरथरीमुळं गाडी हळू तरी होती. मी नाही म्हटलं.

दुसरा पर्याय, जुन्या मालाच्या बाजारातून अख्खा पुढचा एक्सल आणून बसवायचा. दिवसभराचं काम, खर्च मध्यम. पण त्या एक्सलचे किंगपिन बरे असतील याची खात्री कोण देणार? दुसऱ्याची झीज विकत आणण्यातला प्रकार.

तिसरा पर्याय, दोन्ही बाजूंचे किंगपिन आणि बुश नवे, डावा टाय रॉड एंड नवा, बेअरिंग साफ करून परत बसवून घट्ट-सैल नीट लावणं, आणि पुढं दोन नवे टायर. दोन दिवस गाडी उभी. दोन फेऱ्या भाड्याच्या गाडीनं.

चौथाही एक पर्याय पुतण्यानं काढला होता: स्टेअरिंगला डॅम्पर बसवायचा. मित्राच्या गाडीला बसवल्यावर नाच थांबला होता म्हणे. थांबतो. डॅम्पर म्हणजे आडवा शॉकॲब्सॉर्बर, तो हलणं मारून टाकतो आणि खाली झीज सुखेनैव चालू राहते. आदल्या संध्याकाळी बॉक्सच्या स्क्रूनं मी जे केलं त्याचीच महाग आवृत्ती.

तिसरा ठरला. अण्णांनी हो म्हणायला जरा वेळ घेतला. मग म्हणाले, "पोरगं एकलंच असतंय की ओ रात्रीला." पुढं काही बोलायची गरज राहिली नाही.

काम

उजवा किंगपिन दहा मिनिटांत निघाला. डाव्यानं आमचा घाम काढला. गंजून तो एक्सलच्या डोळ्यात जाम झालेला. घण मारून हलेना. ब्लो लॅम्पनं डोळा तापवला, वर-खाली तेल सोडलं, थंड होऊ दिलं, परत तापवलं. अडीच तासांनी जागचा हलला. बाहेर काढलेल्या पिनेला बोट लावलं तर खालच्या टोकाला नखाला लागेल अशी पायरी पडलेली. निपल बंद असलेली तीच बाजू.

नव्या बुशी प्रेस करून बसवायच्या आणि रीमर मारून त्यांचं भोक नेमक्या मापाचं करायचं हे काम उद्यमबागेतल्या एका लेथवाल्याकडं दिलं. बेळगावात या बाबतीत सुख आहे. फाउंड्र्या आणि मशीनशॉपमुळं हाताचा माणूस सायकलच्या अंतरावर मिळतो. पीन हातानं सरकेल पण डुलणार नाही, एवढंच त्याला सांगितलं. त्यानंही तेवढंच करून दिलं. ग्रीस मारताना एक्सल जॅकवर ठेवला होता, चाकं लोंबती. भार असताना मारलेलं ग्रीस जिथं खरी घासण असते तिथं शिरत नाही.

१५ तारखेला दुपारी गाडी तयार. दोन्ही पुढचे टायर नवे, बॅलन्स केलेले. या वेळी वजनं प्रत्येक चाकाला ३०-४० ग्रॅमच्या आत. काकतीला फेरी मारली. ७० ला हात शांत. मुद्दाम खड्ड्यातून काढली, नाच नाही.

तरीही स्टेअरिंग सोडलं की गाडी सरळ धरून राहत नव्हती. हलकीशी भरकटायची. आणि बुडाखालची गुणगुण होतीच.

हौद्यातलं पाणी

संध्याकाळी पाऊस आला. गाडी दारात उभी, हौदा रिकामा, मागचा फाळका उघडा. पाऊस थांबल्यावर मी बिल लिहीत बसलो होतो आणि नजर हौद्यात गेली. पाणी फाळक्यातून बाहेर वाहून जायच्या ऐवजी केबिनच्या पाठीला साचलेलं. चांगलं दोन बोटं. रिकामी पिकअप मागं थोडी उचललेली असतेच, पण एवढी नाही. आवारात त्याच मॉडेलची दुसरी गाडी उभी होती. दोन्हींची चौकट जमिनीपासून मोजली. पुढं जवळपास सारखी. मागं ही ५५ मिलिमीटर वर.

तेव्हा मी तो प्रश्न विचारला. "अण्णा, दोन वर्सांमागं या गाडीला काय केलंसा?"

"मागं एकेक पाटा चढवला की. कमान बसत होती, माल जास्त जात होता." कमान म्हणजे पाट्यांचा अख्खा संच. गाडीला माल कागदावर सव्वा टन. भरत किती होते ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

सगळे धागे तिथं जुळले. पुढच्या आणि मागच्या चाकात अंतर सुमारे तीन मीटर. मागचं बूड ५५ मिलिमीटर वर गेलं म्हणजे अख्खी चौकट जवळजवळ एक अंश पुढं झुकली. किंगपिनचा माथा जो मागं कललेला असावा लागतो, तो तेवढाच पुढं आला. या कलाला कॅस्टर म्हणतात. सायकलचा पुढचा चिमटा मागं कललेला असतो म्हणून हात सोडून चालवता येते, तीच गोष्ट. अण्णांच्या गाडीत तो कल मुळातच थोडा, त्यातला एक अंश गेलेला. म्हणून गाडी सरळ धरून राहत नव्हती. मागचा डिफरन्शियल वर-खाली झाल्यानं प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडला, म्हणून दोन वर्षांची गुणगुण. आणि माल भरला की मागचं बूड खाली बसतं, कॅस्टर परत येतो, शाफ्ट जवळजवळ जागेवर येतो.

भरलेली असली की तेवढं न्हाई. रिकामी आली की जास्त. अण्णांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

चतुर्थीपर्यंत आणि नंतर

आता निर्णय असा होता: पाटा आत्ता काढायचा की नंतर? त्या रात्री गाडी निघायची होती. खड्ड्यात नाचणारी गाडी आता नाचत नव्हती. भरकटणं हलकं होतं आणि भरलेल्या गाडीत तेही नव्हतं. पाटा काढून चतुर्थीचा माल नेहमीसारखा चढवला असता तर कमान उलटी बसली असती, आणि हा माल कमी भरा असं त्या चार दिवसांत सांगून कुणी ऐकलं नसतं. मी गाडी सोडली, दोन अटींवर: रिकामी येताना हौद्यात मागच्या बाजूला वाळूची सहा पोती टाकायची, आणि साठच्या वर जायचं नाही. पुतण्यानं पहिल्या फेरीला वाळू नेली. दुसऱ्या फेरीपासून म्हापशाहून नारळ भरून आणायला लागला. वजनाचं वजन, वर धंदा. मला ते सुचलं नव्हतं.

पाचर घालायचा विचारही मनात आला होता. एक्सल आणि पाट्यामध्ये उतरती लोखंडी पट्टी, जाड बाजू मागं, की किंगपिन मागं कलतो. स्वस्त आणि तासाभराचं काम. पण त्यानं शाफ्टचा कोन सुधरत नाही. शिवाय भरलेल्या गाडीत कॅस्टर मुळात बरा असताना वर आणखी वाढला असता. अखंड एक्सलच्या गाडीत गरजेपेक्षा जास्त कॅस्टरही नाच आणतो आणि स्टेअरिंग जड करतो. मागं चढवलेली चूक पुढं दुसऱ्या चुकीनं भरून काढण्यापेक्षा मागची काढलेली बरी.

२५ तारखेला दोन्ही बाजूंचे जादा पाटे काढले. पाटे एक्सलला आवळून धरणारे यू बोल्ट नवे घातले, जुने ताणलेले परत वापरत नाही. शाफ्टचा एक क्रॉस सुकून गंजलेला निघाला, तो बदलला. कमान बसत होती ही अण्णांची मूळ तक्रार खरी होती, म्हणून मूळ संचातला एक थकलेला पाटा बदलून त्याच मापाचा नवा घातला. मग चारही चाकांची पूर्ण अलाइनमेंट, या वेळी कॅस्टर मोजून. दोन्ही बाजू पुस्तकातल्या मापात आल्या. पाचशे किलोमीटरनंतर यू बोल्ट परत आवळायला बोलावलं आणि ते आले. सगळेच येत नाहीत.

आज तीच गाडी आली तर

बॉक्सच्या स्क्रूला हात लावणार नाही. हे आता सगळ्या पोरांना सांगून ठेवलं आहे: बाकीचे सगळे जोड बघून झाल्याशिवाय बॉक्स उघडायचा नाही.

कार्डावर दोन ओळी वाढवल्या आहेत. कधीपासून? आणि त्या सुमाराला गाडीत काय बदललं? दुसरा प्रश्न विचारला की लोक आधी काहीच नाही म्हणतात. मग नवीन पाटे, रुंद डिस्क, पुढचा जड बंपर, एकेक करून निघतं. त्यांच्या लेखी तो बदल नसतो, गाडीत केलेली सुधारणा असते.

गाडी रिकामी आणि भरलेली अशी दोन्ही चालवून बघायला हवी होती. १३ तारखेला महामार्गावर मी फक्त रिकामी चालवली. माझ्याकडं वाळू होती, पोती होती. अर्ध्या तासाचं काम होतं. ते केलं असतं तर मागचा पाटा दोन दिवस आधी सापडला असता आणि किंगपिनबरोबरच निघाला असता.

एका गोष्टीवर अजून माझं मत पक्कं नाही. १५ तारखेला गाडी सोडायला नको होती, असं माझा धाकटा भाऊ म्हणतो. तोही याच धंद्यात आहे. भरकटणारी गाडी घाटात पाठवलीस, अटी घातल्यास आणि त्या पाळल्या जातील असं धरून चाललास, असं त्याचं म्हणणं. त्यावर माझं उत्तर एवढंच की थांबवली असती तर अण्णांनी ती दुसऱ्या कुणाकडून सोडवून नेली असती, आणि अटीही नसत्या. तो मान हलवतो. पटल्याची ती मान नसते.

आत्ताची स्थिती

पुढच्या जानेवारीत पासिंगआधी गाडी आली तेव्हा मी किंगपिन हलवून पाहिला, खेळ नव्हता. चारही निपलांतून ग्रीस जात होतं, खाली आल्यावर बुशीच्या कडेनं बाहेर डोकावत होतं. ८० च्या वर अगदी बारीक गुणगुण अजून होती, शाफ्टच्या सेंटर बेअरिंगची असावी. पुतण्या म्हणाला ऐंशीला जातोय कोण. मीटरची केबल अजून तुटलेलीच होती, ती मी न सांगता बसवून दिली.

माल आता कमी भरतात का, हे विचारल्यावर अण्णा हसले. "पाटं हायेत कुठं आता चढवाय? गावच्या लोहाराला दिली. चार कोयतं झाली त्याची, बेस्ट पोलाद."